पुढचा रकाना

हजेरीपटात त्रेचाळीस नावं.
पट्टी धरून उजवीकडे मी एक रकाना वाढवला,
वर लिहिलं : पुढे?
क्लार्क मंडोळकर म्हणाले, बाई, हे सरकारी नमुन्यात बसत नाही.
म्हटलं, पोरं तरी कुठं बसतात.

आमचं हायस्कूल जांबोटीच्या रस्त्याला.
पाटी कन्नड-मराठीत, शिपाई कोकणीतसुद्धा शिव्या देतो,
आणि दहावीनंतरचं जग
बेळगाव स्टँडवर इंग्रजीत उभं असतं.

जुने हेडमास्तर भले गृहस्थ.
डिसेंबर लागला की पहिले दहा वेगळे काढायचे,
त्यांना जादा तास, चहा-बिस्किट,
निकालानंतर ऑफिसच्या भिंतीवर फोटो.
बाकीच्यांना म्हणायचे, तुम्ही नुसते पास व्हा.
मीही याच शाळेची. माझा नंबर अकरावा होता.
ते वाक्य अजून ऐकू येतं,
लाइट जाऊन पंखा थांबला की.

गुरुवारचा शेवटचा तास मी पीटीच्या सरांकडून मागून घेतला.
त्याला पुस्तक नाही.
हिरेमठ सर बसच्या पाट्या फळ्यावर काढतात,
कन्नड आकडे,
उत्पन्नाचा दाखला कुठल्या खिडकीत मिळतो,
आणि खिडकी बंद असली तर
घरी यायचं नाही, तिथंच थांबायचं.
मी शिकवते,
एकशेवीस जणांच्या वर्गात हात कसा वर करायचा.
हसू नका. करून बघा.
कोपर बाकाला चिकटतं.

गवळीवाड्यावरची बमाबाई झोरे
सात किलोमीटर चालत येते आणि बोलत नाही.
तिला एकच वाक्य पाठ करायला दिलं :
सर, मला समजलं नाही.
सर, ननगे अर्थ आगलिल्ला.
सर, आय डिड नॉट अंडरस्टँड.
न समजल्याचं तीन भाषांत सांगता आलं
की निम्मं कॉलेज झालं, असं माझं मत.
बीईओ साहेबांचं वेगळं आहे.

जानेवारीत सगळ्यांना बेळगावला नेलं, कॉलेज बघायला.
सगळ्यांना म्हणजे
गणितात नऊ मार्क पडलेल्या सोमनिंगलाही.
त्याचं तिकीट कशाला? मंडोळकर म्हणाले होते.
परवानगीच्या कागदांवर सह्या,
ज्यांचे वडील गोव्याला कामावर
त्यांच्या आयांचे अंगठे.
लॅबमध्ये नईम मुल्लानं ब्युरेटची तोटी फिरवली,
एक थेंब. बंद. पुन्हा एक.
लॅबवाला ओरडेपर्यंत पाच झाले होते.
सोमनिंग लायब्ररीच्या दारातच उभा.
आत जायला पैसे पडतात काय, बाई?

हे मी तेव्हापासून प्रत्येक पालकसभेत सांगते.
कुणी हसतं. कुणी विचारतं,
मग, पडतात काय?

मे महिन्यात एकोणचाळीस पास.
रकाना भरत गेले :
सायन्स. कॉमर्स. डिप्लोमा. आयटीआय.
बमाबाई झोरे, आर्ट्स, हॉस्टेलचा अर्ज भरला.
उरलेल्या चौघांपुढे नापास लिहिलं नाही,
पुरवणी परीक्षेची तारीख लिहिली.
सोमनिंगच्या तारखेखाली हिरवी रेघ.

आणि जुलैत ऋतुराज हुंद्रे परत आला.
शाळेत पहिला आलेला. सायन्सला गेलेला.
ऑफिसच्या दाराशी चप्पल काढून उभा राहिला,
हातात कोरी वही,
तीन आठवड्यांची कोरी.
कळत नव्हतं तर विचारलं का नाहीस?
तो भिंतीकडे बघत राहिला.

गुरुवारच्या तासातून त्याला सूट होती.
त्या वेळात गणितं सोडवायचा, वाचनालयात, एकटा.
सूट मीच दिली होती.
त्याला कशाला, असं म्हणाले होते,
मंडोळकर नव्हे, मी.

आज गुरुवार.
नव्या दहावीच्या पोरांत, मागच्या बाकावर
त्याला बसवलंय.
म्हटलं, वर कर हात.
मिसरूड फुटलेला पोरगा, कानापर्यंत लाल झाला.
घंटा झाली.
शिपायाला खूण केली, गेट लावू नको अजून.